उघड्या छपराच्या स्पोर्ट्‌स कारचे अंतरंग घरच्या घरी कसे सुधारावे

कन्व्हर्टिबल स्पोर्ट्‌स कार नव्याने घेतलेला माणूस तिचे अंतरंग सुधारायला बसतो, तेव्हा त्याचा हात आधी दिसणाऱ्या गोष्टींकडे जातो. नवे स्टिअरिंग व्हील, रंगीत दोऱ्याने शिवलेली सीट कव्हरे, गिअरची चकचकीत मूठ. बंद छपराच्या गाडीत हा क्रम चालून जातो. उघड्या गाडीत तो अंगाशी येतो, कारण या गाडीचे अंतरंग घराच्या अंगणासारखे उघड्यावर असते. ऊन थेट सीटवर पडते, वाटेत गाठलेली सर डॅशबोर्डपर्यंत पोहोचते, धूळ शिवणींत जाऊन बसते आणि छप्पर चढवलेले असतानाही जुन्या रबरी पट्ट्यांमधून पाणी झिरपत राहते. म्हणून या लेखात कामाचा क्रम खालून वर असा ठेवला आहे: आधी पाण्याचा बंदोबस्त, मग तळ आणि कार्पेट, मग दारे व सीट, आणि हातात येणाऱ्या देखण्या वस्तू सर्वांत शेवटी. हा क्रम पाळला की एकदा पुरे केलेले काम पुन्हा उसवावे लागत नाही. येथील माहिती कापडी किंवा व्हिनाइलच्या मऊ छपराच्या दोन आसनी गाड्यांसाठी आहे. बटण दाबताच पत्र्याचे छप्पर उघडणाऱ्या गाड्यांची यंत्रणा बरीच गुंतागुंतीची असते आणि तिच्या आसपासचे भाग नवख्याने उकलू नयेत.

पूर्वतयारी

कामाला हात लावण्यापूर्वी आपल्या गाडीच्या नेमक्या मॉडेलचे आणि वर्षाचे सर्व्हिस मॅन्युअल मिळवावे. नाव एकच असले तरी गाडी एकच असते असे नाही. माझदा एमएक्स-5 ही गाडी 1989 पासून आजवर चार पिढ्यांत आली आहे आणि एका पिढीचे दाराचे पॅड किंवा सीट दुसऱ्या पिढीला जशीच्या तशी बसेल, असे गृहीत धरता येत नाही. सुटा भाग मागवताना केवळ गाडीचे नाव न सांगता उत्पादनाचे वर्ष आणि शक्यतो भागाचा क्रमांक जुळवून घ्यावा.

हत्यारे फार लागत नाहीत. सॉकेट पान्यांचा एक चांगला संच, टॉर्क रेंच (ठरवलेल्या मापाइतकाच बोल्ट आवळणारा पाना), चपटे व फुलीचे स्क्रूड्रायव्हर, ताऱ्याच्या आकाराचे टॉर्क्स बिट, वीज मोजणारा मल्टिमीटर आणि ट्रिम, म्हणजे आतला पत्रा झाकणारे प्लास्टिकचे भाग, उचकटण्यासाठी प्लास्टिकच्या पट्ट्या एवढे असले की बहुतेक काम भागते. प्लास्टिकच्या पट्ट्यांऐवजी स्क्रूड्रायव्हर वापरण्याचा मोह टाळावा, कारण लोखंडी टोकाने प्लास्टिकच्या कडेवर पडलेला पांढरा ओरखडा कशानेही पूर्ण जात नाही. ट्रिमच्या मागे नायलॉनच्या क्लिपा असतात आणि वयोमानाने त्या ठिसूळ झालेल्या असतात. ट्रिमचा मधला भाग ओढू नये. क्लिप जिथे आहे तिथे तिच्या अगदी शेजारी पट्टी सरकवून सरळ बाहेर उचकटावे. थंडीत प्लास्टिक तडकते, म्हणून असे काम हवा 20 अंश सेल्सिअसच्या वर असताना करावे किंवा गाडी आधी तासभर उन्हात उभी करावी. नव्या क्लिपांची एक पिशवी हाताशी ठेवावीच, कारण काही तरी तुटणारच.

प्रत्येक भाग काढण्यापूर्वी आणि काढल्यानंतर फोटो घ्यावा. काढलेले स्क्रू एकाच डब्यात न टाकता, कागदाच्या जाड पुठ्ठ्यावर त्या भागाचे ढोबळ चित्र काढून जिथला स्क्रू तिथेच खोचून ठेवावा. लांबीत पाच मिलिमीटरचा फरक असलेले दोन स्क्रू हातात एकसारखेच वाटतात, पण लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर मागची वायर भेदू शकतो.

एअरबॅग आणि बॅटरी

या एका बाबतीत घाई करू नये. स्टिअरिंग, डॅशबोर्ड आणि पुष्कळ गाड्यांत सीटच्या पाठीच्या कडेलाही एअरबॅग असते. शिवाय सीटबेल्टचा पट्टा आघाताच्या क्षणी ताणणाऱ्या प्रीटेन्शनरमध्येही स्फोटक द्रव्य असते. या यंत्रणेच्या वायरी बहुधा पिवळ्या आवरणात किंवा पिवळ्या कनेक्टरवर संपतात, त्यामुळे पिवळे काही दिसले की थांबायचे, हे मनाशी पक्के करावे.

सीट किंवा स्टिअरिंग सोडवण्यापूर्वी इग्निशन बंद करून किल्ली काढावी, बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ते परत टेकणार नाही असे बाजूला बांधावे, आणि मग मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबावे. एअरबॅगच्या नियंत्रकातील कपॅसिटरमध्ये बॅटरी सोडवल्यावरही काही काळ विद्युतभार राहतो आणि तो ओसरण्यासाठी ही प्रतीक्षा असते. मॅन्युअलमधील वेळ थोडा असला तरी मी स्वतः किमान 15 मिनिटे हात लावत नाही. कनेक्टर सोडवण्याआधी गाडीच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करून अंगातील स्थिर विद्युत उतरवावी. एअरबॅगच्या वायरीवर मल्टिमीटर कधीही लावू नये, कारण मीटरचा अल्प प्रवाहसुद्धा धोक्याचा ठरू शकतो. काढलेली एअरबॅग उशीची बाजू वर करून, सपाट जागी, मुलांपासून दूर ठेवावी. सीट बाहेर असताना इग्निशन सुरू केल्यास डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि अनेक गाड्यांत तो निदानयंत्र जोडल्याशिवाय विझत नाही, म्हणून सीट जागेवर बसून कनेक्टर जोडला जाईपर्यंत बॅटरी जोडू नये.

आधी पाणी

उघड्या गाडीतील कुबट वासाचे मूळ बहुतेक वेळा सीटमध्ये किंवा कार्पेटमध्ये नसते, ते पाण्याच्या वाटेत असते. मऊ छपराच्या मागच्या कडेवरून ओघळणारे पाणी एका पन्हळीत उतरते, तिथून दोन्ही बाजूंच्या निचऱ्याच्या नळ्यांत जाते आणि मागच्या चाकांच्या पुढे गाडीखाली पडते. या नळ्यांच्या तोंडाशी पाने, माती आणि धूळ यांचा चिखल बसला की पाणी उलटे फिरून सीटच्या मागे व तिथून पुढच्या तळात येते. वरून कार्पेट कोरडे दिसते, म्हणून वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातच येत नाही.

मी पहिल्यांदा अशा गाडीचे कार्पेट उचलले, तेव्हा वरचा केसाळ थर हाताला कोरडाच लागला होता. खालचे तागाचे अस्तर मात्र पिळून काढता येईल इतके ओले होते, त्याला काळे ठिपके पडले होते आणि तळाच्या पत्र्यावर अस्तराच्या विणीचा गंजाने उमटलेला ठसा स्पष्ट दिसत होता. त्या ठशावर बोट फिरवले तर तांबडी पूड निघाली. त्या कार्पेटवर मी नवे मॅट टाकायला निघालो होतो.

तेव्हा पहिले काम निचऱ्याचे. छप्पर अर्धे उचलून सीटच्या मागे, कोपऱ्यांत निचऱ्याची तोंडे शोधावीत. त्यातील कचरा हाताने किंवा व्हॅक्यूमने काढावा आणि मग गवत कापण्याच्या यंत्रात वापरतात तशी लवचीक नायलॉनची दोरी, टोक वितळवून गोल करून, हलक्या हाताने नळीत सरकवावी. टोकदार तार किंवा कंप्रेसरची जोरदार हवा वापरू नये, कारण तार नळीला भोक पाडते आणि हवेच्या दाबाने नळी आतल्या आत सांध्यातून निसटते. तसे झाले तर पाणी थेट पोकळीत पडते आणि ते बाहेरून कळत नाही. शेवटी कपभर पाणी हळूहळू ओतून ते दोन्ही बाजूंनी गाडीखाली पडते का, हे पाहावे.

त्यानंतर रबरी पट्ट्या. खिडकीची काच आणि छप्पर जिथे भेटतात तिथल्या पट्ट्या साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, कोरड्या करून, त्यावर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा. पेट्रोलियमयुक्त ग्रीस किंवा तेल लावू नये, कारण त्याने रबर फुगते. कागदाची पट्टी रबर आणि काच यांच्यामध्ये धरून दार लावावे आणि ती ओढून पाहावी. जिथे पट्टी अलगद सुटते तिथे रबर दबलेले आहे किंवा काच नीट जागेवर बसत नाही असे समजावे. छपराची मागची खिडकी पारदर्शक प्लास्टिकची असेल, तर कडाक्याच्या थंडीत छप्पर उतरवू नये, कारण घडीवर ती तडकते. एमएक्स-5च्या पहिल्या पिढीत मागच्या खिडकीला झिप दिली आहे आणि छप्पर उतरवण्यापूर्वी ती उघडून खिडकी सपाट ठेवायची असते.

तळ आणि कार्पेट

तळ उघडा करण्यासाठी सीट काढाव्या लागतात. साधारणपणे प्रत्येक सीट चार बोल्टांवर असते: सीट मागे सरकवली की पुढचे दोन दिसतात, पुढे सरकवली की मागचे दोन. ही सरकवासरकव बॅटरी सोडवण्याआधी करावी, कारण विजेवर सरकणारी सीट नंतर जागची हलणार नाही. बोल्ट निघाल्यावर सीट मागे कलंडवून खालचे कनेक्टर सोडवावेत आणि दाराच्या कडांवर जुनी रजई टाकून सीट बाहेर काढावी. उघड्या गाडीत हे काम छप्पर उतरवून केले तर सीट सरळ वर उचलता येते. बंद गाडीत ही सोय नसते.

कार्पेट काढताना ओढाताण करू नये. काही गाड्यांत इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणकच कार्पेटखाली असतो. कार्पेट बाहेर आले की तळ धुऊन, पूर्ण वाळवून गंज तपासावा. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने काढून गंजरोधक प्रायमर व रंग लावता येतो. पत्रा बोटाने दाबल्यावर दबत असेल किंवा भोक पडले असेल, तर सजावटीचे काम थांबवून वेल्डिंग करणाऱ्याला दाखवावे. विशेषतः सीटचे बोल्ट किंवा सीटबेल्ट जिथे अडकतात तिथे गंज असेल, तर तो जिवाशी संबंधित प्रश्न आहे.

आता आवाज कमी करण्याचे काम. पत्र्यावर चिकटवायचे ब्यूटाइल रबराचे पत्रे मिळतात, ज्यांच्या वर ॲल्युमिनियमचा थर असतो. हे पत्रे आवाज अडवतात असा सर्वसाधारण समज आहे. खरे काम ते पत्र्याचे थरथरणे शोषण्याचे करतात आणि म्हणूनच संपूर्ण तळ मढवण्याची गरज नसते. पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करावी. डब्यासारखा घुमणारा आवाज येतो त्या सपाट भागाच्या मधोमध तुकडा चिकटवावा. सपाट भागाचा सुमारे पाव हिस्सा झाकला तरी बहुतेक फायदा मिळतो. दोन मिलिमीटर जाडीच्या अशा पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला साधारण अडीच ते साडेतीन किलो भरते आणि हलकेपणा हाच ज्या गाडीचा गुण आहे, तिच्यात ते वजन विचार करूनच घालावे. चिकटवण्यापूर्वी गाडीचा पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा आणि तुकडा लावल्यावर छोट्या रोलरने, वरच्या ॲल्युमिनियमवरची नक्षी सपाट होईपर्यंत दाबावा. तळातील रबरी बुचे आणि पाणी जाण्याची भोके कोणत्याही परिस्थितीत झाकू नयेत. घरांच्या गच्चीसाठी मिळणारे डांबरी पत्रे स्वस्त दिसतात, पण उन्हात ते मऊ होऊन वास सोडतात.

तागाचे अस्तर परत घालू नये. त्याऐवजी बंद छिद्रांचा फोम घ्यावा, जो पाणी पीत नाही. नवे कार्पेट साचात घडवलेले असेल तर ते घडी मोडण्यासाठी काही तास उन्हात पसरून ठेवावे आणि बसवताना कोपरे वाफेने नरम करावेत. सीटच्या बोल्टांची भोके पाडताना कार्पेटला ड्रिल लावू नये, कारण धागा बिटवर गुंडाळला जाऊन अख्खी ओळ उसवते. तापवलेल्या सुईने किंवा धारदार सुरीने छोटी फुली कापावी. चालकाच्या पायाखालचे मॅट हुकात अडकलेले असावे आणि एकावर एक दोन मॅट कधीही घालू नयेत, कारण सरकलेले मॅट ॲक्सिलरेटरखाली अडकते.

दारे

दाराचे पॅड काढल्यावर आत प्लास्टिकचा पातळ पडदा चिकटवलेला दिसतो. पुष्कळ नवखे तो फाडून फेकतात आणि पुढच्या पावसात कार्पेट पुन्हा भिजले की चक्रावतात. काचेवरून ओघळणारे पाणी दाराच्या पोटात जाणे हे अपेक्षितच असते. ते खालच्या भोकांतून बाहेर पडते आणि हा पडदा त्या पाण्याला पॅडच्या बाजूस येऊ देत नाही. पडदा सोडवताना काळा चिकट ब्यूटाइलचा दोर हेअर ड्रायरने गरम करून हळूहळू सोडवावा. फाटला तर जाड प्लास्टिकचा नवा कापून, नव्या ब्यूटाइल दोराने लावावा आणि त्याची खालची कड दाराच्या आतल्या बाजूस वळलेली ठेवावी.

स्पीकर बदलायचे असल्यास हीच वेळ. 165 मिलिमीटरचा स्पीकर पुष्कळ दारांत बसतो, मात्र काच पूर्ण खाली घेऊन स्पीकरचे चुंबक तिला घासत नाही ना, हे स्क्रू आवळण्यापूर्वी पाहावे. बोटींसाठी बनवलेले, कागदाऐवजी पॉलिप्रोपिलीनचा शंकू असलेले स्पीकर उघड्या गाडीत अधिक टिकतात.

सीट

सीटबाबत निर्णय आधी घ्यावा लागतो: आहे ते चामडे सुधारायचे, कव्हर बदलायचे, की सीटच बदलायची. सीटच्या कडेला एअरबॅग असेल, तर मी नवख्याला तिसरा पर्याय सुचवणार नाही, आणि दुसराही केवळ त्याच मॉडेलसाठी शिवलेल्या कव्हरांपुरताच सुचवीन, ज्यात एअरबॅग फुटण्याच्या जागी शिवण मुद्दाम कच्च्या दोऱ्याची ठेवलेली असते. वरून ओढून घालायची सर्वसाधारण कव्हरे ती वाट बंद करतात.

चामड्याला तडे नसतील तर सफाई आणि रंग एवढ्यावरच सीट ओळखू येणार नाही इतकी पालटते. आधी चामड्याचा प्रकार पाहावा. न दिसणाऱ्या जागी पाण्याचा थेंब ठेवावा. तो मणी होऊन राहिला तर वर रंगाचा पातळ थर आहे, जसा बहुतेक गाड्यांच्या सीटवर असतो. थेंब मुरून डाग गडद झाला, तर चामडे उघडे आहे आणि त्याला पुढील पद्धत लागू नाही. रंगाचा थर असलेले चामडे सौम्य, पाण्यात मिसळणाऱ्या क्लीनरने आणि मऊ ब्रशने साफ करावे. ब्रशच्या फेसात मातकट तपकिरी रंग उतरतो तो बहुधा मळ असतो. कापडावर सीटचाच रंग उतरू लागला, की थांबावे. अशा सीटवर वरून कितीही तेल-कंडिशनर चोळले तरी ते आत मुरत नाही, उलट धूळ धरून ठेवते.

रंग द्यायचा असल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा काढावा, 800 ते 1000 नंबरच्या सॅंडपेपरने अगदी हलके घासावे आणि पाण्यावर आधारित चामड्याचा रंग स्पंजने पातळ थरांत लावावा. पहिला थर डागाळलेला आणि फिका दिसेल. तो तसाच असायला हवा. जाड थर देऊन तो एकदम झाकायला गेले, की बसण्याच्या जागी आठवड्याभरात पापुद्रे निघतात. चार-पाच पातळ थर, प्रत्येकानंतर पुरेसे वाळवणे, शेवटी चमक नसलेला संरक्षक थर, आणि निदान दोन दिवस सीटवर कोणी न बसणे, ही सगळी वाट पाहण्याची कामे आहेत.

कव्हर बदलायचे असल्यास सीट उलटी करून खालच्या कडा सोडवाव्यात. कव्हर फोममधील तारांना हॉग रिंग नावाच्या छोट्या धातूच्या कड्यांनी बांधलेले असते. जुन्या कड्या कापून काढाव्या लागतात आणि नव्या कड्या वाकवण्यासाठी खोबण असलेली खास पक्कड घ्यावी लागते, कारण साध्या पकडीतून कडी फिरून निसटते. कव्हर निघाले की फोम तपासावा. चालक गाडीत चढता-उतरता ज्या बाजूच्या उंचवट्यावर घासतो, तिथला फोम बहुधा खचलेला असतो. त्यावर नव्या घट्ट फोमचा तुकडा चिकटवून, धारदार सुरीने आणि मग सॅंडपेपरने आकार द्यावा. नवे कव्हर उन्हात ठेवून कोमट आणि मऊ झाल्यावर चढवावे. मधल्या खाचेतल्या कड्या आधी, बाजूच्या नंतर आणि कडा शेवटी. उरलेल्या सुरकुत्या वाफेने जातात.

स्वतः कापड निवडणार असाल तर बोटींसाठी बनवलेले, अतिनील किरण आणि बुरशी सहन करणारे व्हिनाइल उघड्या गाडीला फार चांगले. घरातल्या सोफ्याचे कापड वापरू नये. गाडीच्या आतील साहित्य किती वेगाने जळू शकते यावर मर्यादा असते. अमेरिकेत 1972 पासून लागू असलेल्या एफएमव्हीएसएस 302 या मानकानुसार हा वेग मिनिटाला 102 मिलिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये. पडद्याच्या किंवा सोफ्याच्या कापडाने ही अट पाळली असेल याची काहीच हमी नसते. गोंदही उष्णता सहन करणाराच घ्यावा. उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्डचा पृष्ठभाग 80 अंशांच्या घरात जाऊ शकतो आणि हस्तकलेचा साधा स्प्रे गोंद तिथे पहिल्याच उन्हाळ्यात सुटतो.

सीट परत बसवताना बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे फिरवावेत, चारही बोल्ट लागल्यावरच टॉर्क रेंचने मॅन्युअलमधील मापाइतके आवळावेत. सीटबेल्टच्या पट्ट्याला रंग, ब्लीच किंवा कडक रसायन लावू नये. सौम्य साबण आणि पाणी पुरेसे आहे.

डॅशबोर्ड, स्टिअरिंग आणि गिअरची मूठ

डॅशबोर्डचा वरचा भाग गडद आणि चमक नसलेला ठेवावा. चकचकीत कार्बन फायबरची पट्टी दुकानात मोहक दिसते, पण छप्पर उतरवले की तिचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडते आणि नेमका समोरचा रस्ता त्यामागे पुसट होतो. चमकदार पॉलिशलाही हेच लागू आहे.

स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल, तर ती काढून छोटे रेसिंगचे व्हील लावू नये. दिवा विझवण्यासाठी खोटा रेझिस्टर बसवण्याची युक्ती सांगणारे भेटतात. तो दिवा विझतो, संरक्षण मात्र परत येत नाही, आणि पुष्कळ ठिकाणी हे कायद्यात आणि विम्यातही बसत नाही. अशा गाडीत मूळ व्हीलला नवे चामडे शिवणे हाच चांगला मार्ग. 1 ते 1.2 मिलिमीटर जाडीचे चामडे, मेण लावलेला पॉलिएस्टरचा दोरा, दोन बोथट सुया आणि पाच-सहा तासांचा निवांत वेळ लागतो. टाके आधी सैल घालून पूर्ण फेरी करावी आणि मग सुरुवातीपासून एकेक टाका ओढत जावे, म्हणजे ताण सगळीकडे सारखा येतो. एअरबॅग मुळातच नसलेल्या जुन्या गाडीत व्हील बदलताना बोल्टांचे वर्तुळ पाहून घ्यावे: मोमो या कंपनीच्या व्हीलच्या सहा बोल्टांचे वर्तुळ 70 मिलिमीटरचे असते, नार्डी या कंपनीच्या व्हीलचे 74चे. त्यामुळे हब (व्हील ज्यावर बोल्टांनी बसते तो भाग) आणि व्हील एकाच मापाचे लागतात.

गिअरच्या मुठीचे आटे गाडीनुसार बदलतात. एमएक्स-5ला 10 मिलिमीटर व्यासाचे, 1.25 पिचचे (दोन आट्यांमध्ये 1.25 मिलिमीटर अंतर असलेले) आटे लागतात. घासून चमकवलेली ॲल्युमिनियमची मूठ उघड्या गाडीत माझ्या मते चुकीची निवड आहे. दुपारी तासभर उभ्या राहिलेल्या गाडीत ती हाताला चटका देते आणि त्या क्षणी लक्ष रस्त्यावरून उडते. चामड्याने मढवलेली किंवा लाकडी मूठ घ्यावी.

वायरिंग

पायाजवळचे एलईडी दिवे, सीट गरम करणारे पॅड किंवा फोन चार्जर अशा प्रत्येक नव्या जोडणीला स्वतःचा फ्यूज हवा आणि तो वीज जिथून घेतली त्या जागेच्या जवळ हवा. अस्तित्वातील वायर सोलून तिला पिळा मारू नये. फ्यूजबॉक्समधून फ्यूज टॅपने (फ्यूजच्या जागी बसून जादा जोडणी देणाऱ्या तुकड्याने) वीज घ्यावी आणि टोके क्रिंप करून, म्हणजे धातूच्या टोपीत दाबून, जोडावीत. एका सीटच्या दोन पॅडना मिळून 80 ते 100 वॉट लागत असतील, तर 12 व्होल्टवर तो प्रवाह 7 ते 8 अँपिअर होतो. एवढा भार छोट्या बटणातून न नेता रिलेमधून, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचमधून, न्यावा. वायरींवर कापडी टेप गुंडाळावी, म्हणजे त्या ट्रिमच्या मागे खडखडणार नाहीत. सीट पुढे-मागे पूर्ण सरकवून वायर कुठे ताणली किंवा चिमटली जात नाही ना, हेही पाहावे.

सीटच्या मागे बसवायचा वाऱ्याचा अडसर हा या सगळ्यात सर्वांत सोपा बदल. छप्पर उतरवून वेगात जाताना वारा मागून उलटा फिरून मानेवर आणि कानांवर येतो. जाळीचा किंवा पारदर्शक पत्र्याचा अडसर तो अडवतो. मात्र त्याच्या पकडी छपराच्या घडीच्या आड येत नाहीत, याची खात्री करून घ्यावी.

शेवटची तपासणी

सगळे जागेवर बसल्यावर, पण दारांच्या उंबऱ्यावरच्या ट्रिमच्या पट्ट्या शेवटच्या आवळण्यापूर्वी, कार्पेटच्या चारही कोपऱ्यांखाली आणि सीटच्या मागे वर्तमानपत्राचा एकेक कोरडा कागद सरकवावा. छप्पर चढवून, काचा लावून, बागेच्या नळीने पाण्याची सौम्य धार दहा मिनिटे छपरावर, काचेच्या कडांवर आणि दारांवर धरावी. दाबाचे यंत्र वापरू नये, कारण ते चांगल्या रबरातूनही पाणी आत ढकलते. रात्रभर गाडी तशीच ठेवून सकाळी कागद काढून पाहावेत. कागद कोरडा आणि कडक असेल तर पट्ट्या आवळून टाकाव्यात. एखादा कागद मऊ झाला असेल, तर त्याच्यावर उमटलेला डाग जपून बघावा. डागाची ओली कड ज्या बाजूला आहे त्या बाजूने पाणी आले आहे, आणि त्याच बाजूने वर वर शोधत गेले की गळतीची जागा सापडते.